पाच दिवसांचं काम, एकोणीस स्टुडिओ

सुरुवातीला स्नेअर ड्रमचे चार झटपट टोले. पाचव्यासाठी कान टवकारावा, तोच गिटारींची लाट अंगावर येते. लाट म्हणावी तर तीही धड सरळ येत नाही. सूर सोडत, पुन्हा पकडत, झिंगल्यासारखी डुलत येते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी हेडफोनची वायर तपासतो, मग फोनकडे संशयाने बघतो. दोन्ही ठणठणीत असतात. 'लव्हलेस' हा अल्बम वाजतोच तसा.

४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो ब्रिटनमध्ये बाजारात आला. बँडचं नाव 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'. अकरा गाणी, पाऊण तासाहून जराशी जास्त लांबी. आज 'सर्वकाळातले थोर अल्बम' छापाची कुठलीही यादी काढा, हे महाशय त्यात असतातच. पण थोरपणाचं राहू द्या बाजूला. खरी गंमत तो घडला कसा यात आहे. इतकी वर्षं त्याच्याभोवती दंतकथांचं रान माजलंय आणि त्यातलं खरं-खोटं निवडायला बसलं की कळतं, फुगवलेल्या गोष्टींपेक्षा खऱ्याच जास्त चक्रम आहेत.

मंडळी कोण, कुठली

गिटारवाला आणि कर्ताकरविता केविन शील्ड्स जन्माने न्यूयॉर्कचा. दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर आयर्लंडमध्ये डब्लिनला आला. ड्रमर कॉलम ओ कीसोग त्याला भेटला तो १९७८ साली, कराटेच्या स्पर्धेत! रॉक बँडच्या इतिहासात कराटेच्या मॅटवर जमलेल्या जोड्या फार नसाव्यात. दोघांनी मिळून १९८३ मध्ये बँड काढला. नाव सुचवलं पहिल्या गायकाने, डेव्हिड कॉनवेने. हेच नाव असलेला खूनखराब्याचा एक कॅनडियन भयपट १९८१ मध्ये येऊन गेला होता, पण कॉनवेचं म्हणणं असं की आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. ठेवा विश्वास, ठेवायचा तर.

पुढे हा कॉनवे बँड सोडून गेला आणि गायिका हवी म्हणून शोधाशोध झाली. १९८७ मध्ये बिलिंडा बुचर चाचणीला आली ती डॉली पार्टनचं 'द बार्गेन स्टोअर' हे गाणं तयार करून. कानठळ्या बसवणाऱ्या बँडमध्ये शिरायचं आणि जवळ शिदोरी अमेरिकन कंट्री संगीताची! तिला घेतलं. बेसवर डेबी गूज होतीच. झाली चौकडी पुरी.

'पाच दिवसांत उरकेल'

या चौकडीचा आधीचा अल्बम 'इझन्ट एनिथिंग' नोव्हेंबर १९८८ मध्ये आला. वेल्समधल्या एका आडवळणी स्टुडिओत, साधारण दोन आठवड्यांत, झोपेचं खोबरं करून तो उरकला होता. समीक्षक खूष, कंपनी खूष. कंपनी म्हणजे 'क्रिएशन रेकॉर्ड्स', ॲलन मगी नावाच्या उत्साही स्कॉटिश गड्याने काढलेली आणि कायम हातावर पोट असलेली. पुढचा अल्बम पाच दिवसांत रेकॉर्ड होईल, असा क्रिएशनमध्ये हिशेब होता.

फेब्रुवारी १९८९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या सदर्कला काम सुरू झालं. संपलं सप्टेंबर १९९१ मध्ये.

मधल्या काळात काय झालं? स्टुडिओ झाले. एक नाही, दोन नाही, एकोणीस. शील्ड्स एका जागी जाई, आवाजात काहीतरी खटके, की निघाला बाडबिस्तरा घेऊन दुसरीकडे. १९८९ च्या शरद ऋतूत वॉपिंगमधल्या एका स्टुडिओत तब्बल आठ आठवडे गेले आणि हाती जवळपास शून्य. तिथल्या इंजिनिअरला शील्ड्सने पहिल्याच दिवसांत जाणवून दिलं होतं, की बाबा रे, तू फक्त बटणं दाबायला आहेस. सगळ्याच जागा लहरीपायी सुटल्या असंही नाही. कधी बिल थकलेलं असायचं आणि स्टुडिओवाले बँडची वाद्यं-यंत्रंच अडकवून ठेवायचे. पैसे भरा, सामान न्या. लॉजचं भाडं थकलं की मॅनेजर बॅग ठेवून घेतो, तो जगन्मान्य न्याय.

चहावाल्यालाही श्रेय

अल्बमच्या आवरणावर इंजिनिअरांची जी लांबलचक नामावळी आहे, ती वाचताना आपल्याकडची लग्नपत्रिका आठवते. 'आपले विनीत'मध्ये एकही काका, मामा, आत्येभाऊ राहू नये म्हणून यजमान जसा झटतो, तशी ही यादी. शील्ड्सनेच नंतर सांगितलं, की त्या काळात जो जो स्टुडिओत हजर होता त्याचं नाव घातलंय. काहींनी तर फक्त चहा केला होता. स्टुडिओबरोबर फुकट मिळालेले हे इंजिनिअर आम्ही करू ते चुकीचंच ठरवायचे, असंही त्याचं गाऱ्हाणं होतं. तरी श्रेय दिलं. दिलदार माणूस!

या गर्दीत ॲलन मोल्डर हा एकच गडी असा, की ज्याला ॲम्प्लिफायरसमोर माइक लावायची परवानगी होती. बाकीच्यांना तेवढंही नाही. या मोल्डरचं नाव नंतर इतकं झालं, की 'स्मॅशिंग पंपकिन्स'चा 'सायमीज ड्रीम' आणि 'नाइन इंच नेल्स'चा 'द डाउनवर्ड स्पायरल' या दोन्हींच्या श्रेयात ते सापडतं. यादीतलं आणखी एक नाव वाचून मराठी वाचक थबकेल: अंजली दत्त. 'लव्हलेस'च्या शेवटच्या टप्प्यात तिने काम केलं आणि काही वर्षांनी 'ओॲसिस'च्या पहिल्या अल्बमच्या श्रेयनामावलीतही ती आहे. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचे दोन मोठे मैलाचे दगड, दोन्हींवर हिची सही. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हरकत नाही.

पडद्याआडचं गाणं

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९९१ चा मे-जून. गिटारी कधीच्या झाल्या आहेत, गाणं तेवढं राहिलंय. स्टुडिओत गायकाची खोली आणि यंत्रांची खोली यांच्यामध्ये मोठी काच असते, इंजिनिअरला गायक दिसावा म्हणून. शील्ड्स आणि बुचरने त्या काचेवर पडदा लावून टाकला. बघायचं नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते शील्ड्स कसले? ऐकायचंही नाही! गाणं चालू असताना इंजिनिअरने आवाज बंद ठेवायचा असा फतवा.

मग बिचाऱ्याने काम करायचं कसं? टेप मशीनवरच्या काट्यांकडे टक लावून. काटा हलतोय म्हणजे आत कुणीतरी गातंय. काटा पडला म्हणजे गाणं थांबलं. टेप मागे घ्या, पुन्हा सुरुवातीपासून. तासन्‌तास हेच. मनासारखा टेक जमला की पडदा जरा बाजूला व्हायचा, आतून एक हात हलायचा आणि पडदा पुन्हा बंद. गाण्याचे शब्द काय आहेत हे रेकॉर्ड करणाऱ्यालाच ठाऊक नसायचं. ऐकणाऱ्यांना आजही धड कळत नाहीत, ते सोडा.

आणि हे शब्द आदल्या रात्री आठ-आठ, दहा-दहा तास जागून लिहिलेले असत! इतक्या कष्टाचे शब्द नंतर आवाजाच्या धुक्यात पुरून टाकायचे, याला काय म्हणावं? माझं मत विचाराल तर ते बरोबरच केलं. शब्द स्वच्छ ऐकू आले असते तर आपण अर्थाच्या मागे लागलो असतो आणि चाल हातची गेली असती.

बुचरचा आवाज स्वप्नातल्यासारखा वाटतो, यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तिचा स्वतःचा खुलासा दोन ओळींचा: गाण्याची वेळ यायची सकाळी साडेसातच्या सुमारास, मला नुकती कुठे झोप लागलेली असायची आणि मला उठवून गायला लावायचे. म्हणजे स्वप्नाळूपणा हा अभिनय नव्हता, ती खरोखरच अर्धवट झोपेत होती. त्यात भर म्हणजे एकाच ओळीचे डझनभर टेक घेतलेले. त्यातला कुठला उत्तम हे निवडायचा कंटाळा आला, मग ठेवले सगळेच एकावर एक. त्यामुळे गाते ती एकटी, ऐकू येते मात्र पुसटशा बायकांची आख्खी रांग.

शेकडो गिटारी? छे!

'लव्हलेस'बद्दलची सर्वांत लाडकी थाप अशी, की एकेका गाण्यात शेकडो गिटारी कोंबल्या आहेत. ऐकताना पटतंही. शील्ड्स मात्र उलट सांगतो: बाकीच्या बँडांच्या कच्च्या टेपवर असतात, त्याहूनही माझ्याकडे गिटारीचे ट्रॅक कमी आहेत.

मग एवढा गदारोळ येतो कुठून? हाताच्या एका सवयीतून. फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारींना पुलाजवळ एक लोखंडी दांडी असते. ती दाबली की तारा सैल पडून सूर उतरतो, सोडली की पुन्हा चढतो. साधारण वादक सुरावट संपताना ही दांडी शोभेपुरती हलवतो. शील्ड्सने ती मुठीतून सोडलीच नाही. चिकटपट्टी गुंडाळून ती जरा उंच राहील अशी बसवली आणि उजव्या हाताने झणाझण तारा छेडताना त्याच हातात ती धरून ठेवली. म्हणजे प्रत्येक फटकाऱ्याबरोबर आख्खा कॉर्ड किंचित खाली सरकणार, किंचित वर येणार. कुठलाच सूर जागेवर ठरत नाही. मींडेला सरावलेल्या आपल्या कानांना हे फार परकं वाटू नये, फक्त इथे एका सुराऐवजी सहाही तारा एकदम घसरतात.

यावर त्याने चढवला उलटा रिव्हर्ब. नेहमीच्या घुमण्यात आधी आवाज येतो आणि मागून त्याची शेपटी रेंगाळते. यात शेपटीच आधी फुगत येते, त्यामुळे तारेवरचा नखीचा टणत्कार बोथट होतो आणि उरतो नुसता फुगारा. कोरस, फ्लँजर वगैरे आवाज दाट करणारी नेहमीची यंत्रं या अल्बमवर मी वापरलेलीच नाहीत, असं शील्ड्स आवर्जून सांगत आलाय. पायाशी पेडलांचा बाजार मांडून बसणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी हे बहुधा ऐकलं नाही.

त्या पेडलांवरूनच ब्रिटिश पत्रकारांनी अशा सगळ्या बँडांना 'शूगेझ' म्हणायला सुरुवात केली; पोरं प्रेक्षकांकडे न बघता मान खाली घालून बुटांकडे बघत वाजवतात म्हणून. टिंगल होती ती. आता तेच नाव जगभरातले बँड अभिमानाने लावतात.

बासरी नाही ती

अल्बममध्ये मधूनच बासरीसारखं, बाजाच्या पेटीसारखं काहीतरी गोड वाजतं. ती बहुतेक ठिकाणी गिटारच आहे. ॲम्प्लिफायरसमोर गिटार नेली की जी कर्कश शिटी घुमते, ती शील्ड्सने नमुना म्हणून यंत्रात साठवली आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवून सुरात वाजवली. लग्नाच्या हॉलमध्ये माइक किंचाळला की आपण साउंडवाल्यावर ओरडतो. याने त्या किंकाळीची चाल बांधली.

ड्रमर आहे, ड्रम नाहीत

कॉलम ओ कीसोगचे ते दिवस वाईट चालले होते. राहत्या जागेतून हुसकावलेलं, अमेरिकन मैत्रिणीच्या व्हिसाची भानगड, त्यात तब्येत ढासळलेली. चारही हातपाय चालवून ड्रम वाजवणं जमेना. मग त्याने वाजवलेले सुटे ठोके नमुन्यांच्या रूपात साठवून त्यांतून ताल जोडण्यात आले. प्रत्यक्ष वाजवलेले ड्रम अल्बममध्ये जेमतेम दोन गाण्यांत आहेत. कुठली ती न सांगता कुणाला ओळखायला लावा, चांगलीच फजिती होते. या काळात त्याने एक संपूर्ण रचना मात्र एकट्याने केली: 'टच्ड', मिनिटभराचीही नाही. ड्रमरच्या नावावरची एकमेव रचना आणि तिच्यात खरं तर ड्रमचा फारसा संबंधच नाही!

बेसवाल्या डेबी गूजचं नाव आवरणावर आहे. तिने अल्बममध्ये बेस वाजवलेला नाही. सुरुवातीला रोज स्टुडिओत जायची, मग आपली इथे गरजच नाही हे कळलं तशी जाणं कमी केलं. शील्ड्सने स्वतःच वाजवून टाकला. चौघांचा बँड, त्यात जवळपास सगळी वाद्यं एकाची. तरीही तेव्हा बँड फुटला नाही, याचं मला एकोणीस स्टुडिओंपेक्षा जास्त नवल वाटतं.

अडीच लाखांचं कोडं

आता पैशाचं. प्रसिद्ध आकडा आहे अडीच लाख पाउंड, आणि त्याला जोडून वाक्य येतं, 'या अल्बमने क्रिएशनला भिकेला लावलं.' १९९१ च्या मानाने आणि तेवढ्याशा कंपनीच्या मानाने ही रक्कम डोळे फिरवणारी. शील्ड्सला मात्र हा आकडा अजिबात मान्य नाही. त्याचं म्हणणं: नेमका खर्च कुणी मोजलाच नव्हता. आम्ही नंतर स्टुडिओंची भाडी, इंजिनिअरांचे पगार यांची बेरीज केली, तर ओढूनताणून एक लाख साठ हजारांपर्यंत पोचली. शिवाय त्यातला मोठा हिस्सा आमचा आमचाच पैसा होता आणि तोही तीन वर्षं जगण्यावर, खाण्यापिण्यावर गेला. खुद्द अल्बमला लागले असतील काही हजार.

दोघांपैकी खरं कोण? कर्ज देणाऱ्याची वही आणि घेणाऱ्याची वही जुळल्याचं जगात कुणी पाहिलंय का? एवढं खरं, की क्रिएशनची अवस्था त्या काळात टांगती होती. कंपनीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस डिक ग्रीन. हिशेबाचं ओझं त्याच्या डोक्यावर. एका क्षणी त्याने शील्ड्सला फोन करून अक्षरशः रडत विनवलं, की बाबा, अल्बम दे. क्रिएशनच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी पुढे सांगितलं, की ग्रीनचे केस एका रात्रीत पांढरे झाले आणि त्याचा दोष त्या याच अल्बमला देतात. एका रात्रीत केस पांढरे होतात की नाही ते वैद्य जाणोत. अडीच वर्षांत नक्कीच होतात.

शिवाय दुखण्याची भर. शील्ड्स आणि बुचर दोघांच्याही कानात सतत शिट्टी वाजू लागली आणि काम काही आठवडे थांबवावं लागलं. एवढ्या मोठ्या आवाजात वाजवल्यावर दुसरं काय होणार, अशी बाहेर कुजबुज. शील्ड्सने ती अडाण्यांची ओरड म्हणून उडवून लावली.

यंत्राने केला घोळ

सगळं झालं. एकोणिसावा स्टुडिओ, उत्तर लंडनमधल्या क्राउच एंडचा. आता गाणी एकामागे एक जोडायची आणि छापखान्याकडे पाठवायची. मास्टरिंग या शेवटच्या हातासाठी एरवी एक दिवस पुरतो. पण जोडकामासाठी मिळालेलं यंत्र म्हणजे सत्तरच्या दशकात सिनेमांचे संवाद जुळवायला वापरलेला म्हातारा. त्याच्या संगणकाने अख्ख्या अल्बमचा ताळमेळ बिघडवून टाकला. थरांवर बसवलेले थर एकमेकांपासून सरकले. शील्ड्सने ते सगळं आठवणीवरून पुन्हा जागच्या जागी बसवलं. एक दिवसाच्या कामाला तेरा दिवस लागले. क्रिएशनमध्ये त्या तेरा दिवसांत कुणी काही बोललं असेल तर ते छापण्याजोगं नसणार.

आला एकदाचा

आला तोही कुठल्या हंगामात! सप्टेंबर १९९१ मध्ये 'निर्वाणा'चा 'नेव्हरमाइंड' आलेला. त्याच सप्टेंबरात खुद्द क्रिएशनकडून 'प्रायमल स्क्रीम'चा 'स्क्रीमाडेलिका'. नोव्हेंबरात 'लव्हलेस', पुन्हा क्रिएशनचाच 'टीनएज फॅनक्लब'चा 'बँडवॅगनेस्क', 'यू टू'चा 'अख्टुंग बेबी' आणि महिनाअखेर मायकल जॅक्सनचा 'डेंजरस'. रेकॉर्डच्या दुकानात त्या महिन्यात शिरलेल्या पोराच्या खिशाची दया येते.

समीक्षकांनी 'लव्हलेस'चं स्वागत जोरात केलं. ब्रायन ईनोसारख्या बुजुर्गाने त्यातल्या 'सून' या गाण्याला, जे आधी १९९० मध्येच एका छोट्या रेकॉर्डवर येऊन गेलं होतं, पॉप संगीताचा नवा मापदंड म्हटलं. वर आजवर हिट झालेल्यांपैकी हे सगळ्यात धूसर संगीत, अशी पुस्तीही जोडली. विक्रीचं काय? ब्रिटनच्या यादीत चोविसावा क्रमांक. अमेरिकेत यादीत नावच नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून क्रिएशनचाच अल्बम निवडला, पण तो 'बँडवॅगनेस्क', 'नेव्हरमाइंड'लाही मागे टाकून. ज्याच्यापायी केस पांढरे झाले तो राहिला बाजूला.

मगीने त्यानंतर बँडला नारळ दिला. पुन्हा हे सोसणं आपल्याच्याने होणार नाही, असा त्याचा सूर होता. १९९२ मध्ये क्रिएशनचा जवळपास निम्मा वाटा सोनीने विकत घेतला आणि १९९३ मध्ये मगीला ग्लासगोच्या एका छोट्या क्लबात 'ओॲसिस' नावाची पोरं सापडली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नशीब असावं तर असं.

मग बावीस वर्षांची चहाची सुट्टी

१९९२ मध्येच 'आयलंड' या बड्या कंपनीने बँडशी करार केला. त्या पैशातून शील्ड्सने दक्षिण लंडनमध्ये स्ट्रेटमला स्वतःचा स्टुडिओ थाटला. आता भाडं नाही, पडदा नाही, घाई नाही. आणि अल्बमही नाही. मिक्सिंगचं यंत्र बिघडलं, दुरुस्त्या चालल्या, एकेक करून मंडळी पांगली. दशक संपलं तेव्हा शील्ड्स 'प्रायमल स्क्रीम'बरोबर गिटार वाजवत होता.

२००३ मध्ये सोफिया कोपोलाच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' चित्रपटात तो परत दिसला, म्हणजे ऐकू आला. टोकियोच्या रात्रीतून टॅक्सी चाललीय, काचेवर दिवे सरकताहेत आणि मागे 'लव्हलेस'मधलं 'समटाइम्स' लागलंय. बारा वर्षांपूर्वीचं गाणं त्या दृश्यासाठीच बांधल्यासारखं बसलं. कितीतरी लोकांना बँडचं नाव पहिल्यांदा कळलं ते या चित्रपटाच्या नामावळीतून. शील्ड्सने त्यासाठी नव्या रचनाही केल्या आणि त्या चित्रपटाच्या संगीताला बाफ्टाचं नामांकन मिळालं.

दरम्यान याद्यांमध्ये अल्बम चढतच होता. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने १९९९ मध्ये नव्वदच्या दशकाचा पहिल्या क्रमांकाचा अल्बम म्हणून 'लव्हलेस' निवडला, २००३ मध्ये यादी नव्याने केली तेव्हा 'रेडिओहेड'च्या 'ओके कॉम्प्युटर'खाली दुसरा. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या पाचशे थोर अल्बमच्या यादीत २००३ मध्ये २१९ वा, २०२० मध्ये थेट ७३ वा. गाणी तीच, आवाज तोच. बदलले ते कान.

२००८ मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले. लंडनच्या राउंडहाउसमधल्या प्रयोगांना प्रेक्षकांना दारातच कानात घालायचे बोळे वाटले गेले. तिकीट काढून गाणं ऐकायला जायचं आणि यजमानाने स्वागतालाच बोळे हातावर ठेवायचे! पण घेतले नाहीत त्यांना पश्चात्ताप झाला म्हणतात.

जानेवारी २०१३ च्या शेवटी ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमात शील्ड्स पुटपुटला, नवा अल्बम बहुतेक दोन-तीन दिवसांत. त्याच्या तोंडी 'दोन-तीन दिवस' ऐकून कोण विश्वास ठेवणार? पण २ फेब्रुवारीच्या रात्री 'एम बी व्ही' खरोखर आला, बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि आल्या आल्या चाहत्यांच्या झुंडीने ते संकेतस्थळच बसलं.

त्याच वर्षी दोन मजेदार नकला निघाल्या. जपानी बँडांनी मिळून 'यलो लव्हलेस' काढला, त्यात 'शोनेन नाइफ' आणि 'बोरिस' अशी परस्परांशी काडीचं नातं नसलेली मंडळी. आणि केनी फाइनस्टाइन नावाच्या अमेरिकन वादकाने अख्खा अल्बम ब्लूग्रासच्या धाटणीत, विजेशिवाय, लाकडी वाद्यांवर वाजवून दाखवला. हा नक्की शोधा. गोंगाट पार खरवडून काढला तरी खाली साध्या, लाघवी, गुणगुणण्याजोग्या चाली निघतात.

२०१२ च्या नव्या आवृत्तीचाही किस्सा आहेच. शील्ड्सने वर्षानुवर्षं घासूनपुसून 'लव्हलेस'च्या दोन सीडी एकत्र दिल्या. एक जुन्या डिजिटल टेपवरून, दुसरी मूळ ॲनालॉग टेपवरून. शौकिनांनी कान लावून फरक शोधले, कौल दिले, वाद घातले. मग समीक्षकांच्या ध्यानात आलं, की दोन सीडींची लेबलं अदलाबदल होऊन छापली गेली आहेत.

आता तुम्हाला ऐकायचाच असेल तर तो अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर आहे. 'व्हेन यू स्लीप'पासून सुरू करा, चाल लगेच ओठांवर बसते. मग 'सून', त्याला ठेका आहे, मान आपोआप हलते. 'टू हिअर नोज व्हेन' मात्र तिसऱ्या-चौथ्या खेपेसाठी राखून ठेवा. ते पहिल्याच दिवशी लावलंत तर फोन दुरुस्तीला टाकाल.